शिकारीतला पक्षी टॅक्सिडर्मीला द्यायचाय? मग पहिल्या तासात काय करायचं आणि काय नाही ते आधी बघा

पक्षी टॅक्सिडर्मिस्टकडे, म्हणजे मेलेला पक्षी भरून जिवंतासारखा उभा करणाऱ्याकडे, दिला की बाकी सगळं तो बघून घेईल असं नवीन माणसाला वाटतं, आणि मग माउंट, म्हणजे भरून तयार झालेला पक्षी, घरी आला की मानेवर टक्कल, छातीवर पिवळट डाग, शेपटीचं पीस मधूनच मोडलेलं, आणि शिव्या कोणाला तर त्या टॅक्सिडर्मिस्टला. खरं तर यातलं बरंचसं नुकसान पक्षी खाली पडल्यापासून तासाभरात शिकाऱ्याच्याच हातून झालेलं असतं. आपल्या हाताला सवय असते खाण्यासाठी मारलेला पक्षी हाताळायची, म्हणजे मानेला धरून उचला, पट्ट्याला लटकवा, पोट साफ करा, पिशवीत कोंबा. मांसाला त्याने काही होत नाही. पण टॅक्सिडर्मीत मांस काढूनच टाकतात, उरते ती कातडी, पिसं, पंखांची नि पायांची हाडं आणि डोकं. आपण एरवी जे उपटून फेकतो नेमकं तेच इथे जपायचंय, एवढं एकदा डोक्यात बसलं की खालच्या निम्म्या गोष्टी वाचायच्या आधीच तुम्हाला सुचतील.

कायद्याचं आधी उरकतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांच्या शिकारीवर बंदी आहे, आणि मेलेला सापडला म्हणून उचलून आणला, भरून घेतला, असंही चालत नाही. त्यामुळे हे सगळं जिथे लायसन्स आणि सीझनवर शिकार चालते तिथे राहणाऱ्यांसाठी. तिथेही कोणती जात, कोणत्या तारखांना, दिवसाला किती, हे नियम दरवर्षी बदलू शकतात, ते स्वतः बघा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. एक उदाहरण देतो, अमेरिकेत स्थलांतर करणारा पक्षी दुसऱ्याच्या ताब्यात ठेवायचा तर त्याला टॅग लागतो, त्यावर शिकाऱ्याची सही, पत्ता, किती पक्षी, कोणत्या जातीचे आणि मारल्याची तारीख. टॅक्सिडर्मिस्ट हाही दुसराच, टॅग नसेल तर तो पक्षी ठेवून घेऊ शकत नाही. टॅग बॅगेत आधीच भरून ठेवा, चिखलात बसून पेन शोधायची वेळ येऊ नये.

कोणता पक्षी द्यायचा

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात आणि खरं तर तोच पहिला आहे. दिवसभरात हाताला आलेला पहिला पक्षी म्हणजे माउंट करायचा पक्षी असं काही नसतं. सीझनच्या सुरुवातीला बऱ्याच पक्ष्यांची पिसं अजून येत असतात. बदकांच्या नरांचं तर उन्हाळ्यात रंगीत पिसं झडून मादीसारखं मळकट रूप होतं आणि खरा रंग भरायला पुढचे बरेच आठवडे जातात, त्यामुळे लवकरच्या सीझनमधला मॅलार्ड (हिरव्या डोक्याचं रानबदक) पाण्यावर दिसताना बरा दिसतो पण हातात घेतला की अर्धा कच्चा निघतो. तपासायची सोपी युक्ती म्हणजे मानेवर आणि छातीवर उलट्या दिशेने फुंकर मारायची. पिसं बाजूला होतात आणि खाली कातडी दिसते. तिथे काळसर टोकं, नळीत गुंडाळलेली कोवळी पिसं खच्चून दिसली तर तो पक्षी जेवणासाठी ठेवा. ही कोवळी पिसं रक्ताने भरलेली असतात, कातडी सोलताना गळतात, आणि माउंटवर तिथे खड्डा पडल्यासारखं दिसतं.

मग पंख उघडून बघा. उडायची मोठी पिसं दोन्ही बाजूला पूर्ण आहेत का, शेपूट शाबूत आहे का, चोचीला छर्रा लागून तुकडा उडालाय का. काय दुरुस्त होतं आणि काय नाही याचा साधारण अंदाज असू द्या. मोडलेला पाय किंवा पंखाचं हाड तारेने सरळ होतं, छर्ऱ्याची भोकं पिसांखाली लपतात, चोच फुटली असेल तर बऱ्याच जातींची तयार कृत्रिम डोकी मिळतात. पण छातीवरून मूठभर पिसं उपटली गेली असतील, किंवा पंखातली मोठी पिसं छर्ऱ्याने अर्ध्यात कापली असतील, तर त्याला सहसा दुसऱ्या पक्ष्याची पिसं आणून लावावी लागतात आणि ते काम वेळखाऊ, महागडं, वर दिसतंच.

जखमी असेल तर

पक्षी खाली पडला पण जिवंत आहे, अशा वेळी माउंटचा विचार बाजूला. त्याला लवकरात लवकर संपवणं हे पहिलं काम. नवीन लोक इथे दोन टोकांना जातात, काही जण पिसं खराब होतील म्हणून पक्ष्याला तसाच तडफडत ठेवतात, काही जण डोकं धरून अख्खा पक्षी गरगर फिरवतात. पहिलं क्रूर आहे आणि दुसऱ्याने कातडी फाटते, डोकं हातात येऊ शकतं. एका हाताने पाय किंवा धड पक्कं धरा, दुसऱ्या हाताने कवटीच्या अगदी मागे पकड घ्या आणि एकाच ठाम ओढीत मणका सरकवा. मान मोडली म्हणून माउंट बिघडत नाही, कारण आतली खरी मान तशीही काढून टाकतात आणि तिथे तार आणि कृत्रिम मान बसते. जपायची आहे ती फक्त बाहेरची कातडी. हे आधी एखाद्या जाणत्या शिकाऱ्याकडून समोर बघून शिकून घ्या, वाचून जमेल असं हे काम नाही.

कुत्रा असेल तर माउंटचा पक्षी शक्यतो स्वतः जाऊन उचला. चांगला शिकवलेला कुत्राही लाळ लावतोच, आणि दाबून धरणारा असेल तर पाठीवरची पिसं गेलीच समजा.

उचलायचा कसा

पायांना धरून, किंवा दोन्ही हातांनी खालून आधार देऊन. मानेला धरून नाही. मानेची कातडी पातळ असते आणि तिथली पिसं सहज सुटतात. बदकं लटकवायचे जे पट्टे मिळतात, ज्यात मान अडकवून पक्षी कमरेला किंवा खांद्याला टांगतात, ते माउंटच्या पक्ष्याला अजिबात नाहीत, फास बसतो तिथे गोल टक्कल पडतं. शिकारीच्या जॅकेटच्या मागच्या खिशातही नको, तिथे तो गरम राहतो, चुरगळतो, वर दुसऱ्या पक्ष्यांचं रक्त लागतं ते वेगळं. बदक पाण्यातून काढलं असेल तर पायांना धरून हलकेच झटका, बरंचसं पाणी असंच निघून जातं, राहिलेलं पेपर टॉवेलने टिपून घ्या, पिसांच्या दिशेने, चोळू नका.

हातात ग्लोव्हज असू द्या. बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू रानबदकांमध्ये, हंसांमध्ये फिरत असतो, आणि पक्षी वरून ठणठणीत दिसतो म्हणून तो नसेलच असं नाही. गोठवल्याने हा विषाणू मरत नाही, म्हणून फ्रीजरमधून काढलेल्या पक्ष्यालाही तोच नियम. हाताळताना खाणं, पिणं, सिगरेट बंद, नंतर साबणाने हात. मान वाकडी करून गोल गोल फिरणारा, उडता न येणारा पक्षी सहज मिळाला म्हणून उचलू नका, तो आजारी आहे. आणि एक, ज्याने नवीन माणूस हमखास दचकतो, अंग थंड व्हायला लागलं की पिसांमधल्या उवा बाहेर पडायला लागतात आणि तुमच्या मनगटावर चढतात. त्या माणसावर टिकत नाहीत, झटकून टाका.

रक्त

इथे घाई पाहिजे. ओलं रक्त पाच मिनिटांत निघतं, वाळलेलं निघायला टॅक्सिडर्मिस्टला तासभर लागतो आणि पांढऱ्या पिसांवर कधीकधी गुलाबी-पिवळट छटा राहूनच जाते. सगळ्यात जास्त रक्त येतं चोचीतून, म्हणून आधी पक्ष्याचं डोकं खाली करून घशातलं रक्त, पाणी, जे काही असेल ते ओघळू द्या, पिसांना न लागता. मग कापसाचा किंवा टिश्यूचा छोटा बोळा घशात, जरा आतपर्यंत, बोटाने किंवा काडीने सरकवा. नाकपुड्यांतून येत असेल तर तिथे अगदी बारीक तुकडा. मग छर्ऱ्याच्या जखमा शोधा. पिसं बाजूला करून जिथे भोक दिसेल तिथे कापसाचा तुकडा दाबून बसवा, शेपटीखालच्या गुदद्वारातही बोळा घाला, कारण नंतर पक्षी दाबला जातो तेव्हा तिथून घाण बाहेर येते आणि पोटाची पिसं खराब होतात. हा भाग लोक सोडून देतात, किळस वाटते म्हणून. मग फ्रीजरमधून काढल्यावर पोटाखालचं सगळं पिवळं.

पिसांवर लागलेलं रक्त गार पाण्याने. गरम किंवा कोमट पाणी वापरलं की रक्तातलं प्रोटीन घट्ट होऊन बसतं आणि डाग पक्का होतो. फडकं गार पाण्यात भिजवून पिळायचं, पिसाच्या मुळाकडून टोकाकडे हलकेच पुसायचं, फडक्याची बाजू बदलायची, परत. उलट्या दिशेने घासलं तर पिसाचे बारीक धागे एकमेकांतून सुटतात आणि पीस विस्कटलेलं दिसतं. थोडं राहिलं तर राहू द्या, साबण, ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे प्रयोग मैदानात करू नका, ते ज्याचं काम त्याला करू द्या.

गरमी, खरा शत्रू ही

जिवंत पक्ष्याचं अंग साधारण ४० ते ४२ अंश सेल्सियस असतं, आपल्यापेक्षा जास्त. वर पिसांचं पांघरूण, जे ऊब आत धरून ठेवायलाच बनलंय. म्हणजे पक्षी मेला तरी आतून तासन् तास गरम राहू शकतो, आणि गरम, ओलसर आतड्यांत बॅक्टेरिया जोरात वाढतात. त्याचा परिणाम आधी पोटावर दिसतो, कातडी हिरवट पडते, मग कातडीचा वरचा थर सुटायला लागतो आणि त्याच्याबरोबर पिसं. वरून काही कळत नाही, सगळं जागच्या जागी असतं, आणि सोलताना किंवा धुताना मूठच्या मूठ पिसं हातात येतात. एकदा हे सुरू झालं की परत फिरवता येत नाही, कितीही चांगला टॅक्सिडर्मिस्ट असो.

म्हणून लगेच सावली आणि वारा. गाडीच्या डिकीत नाही, उन्हात ठेवलेल्या बादलीत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, गरम पक्षी प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही. पाठीवर उताणा, पंख मिटवून, मोकळ्या जागेत ठेवा, एकावर एक रचू नका. थंडी असेल तर तासा-दोन तासांत वरचा भाग गार होतो. तपासायला छातीला हात लावू नका, तिथली पिसं फसवतात, पंखाखाली काखेत बोट घाला. तिथे ऊब लागली तर अजून थांबा.

हवा गरम असेल तर कूलर, म्हणजे बर्फ ठेवायचा झाकणाचा डबा, लागतोच. पण त्यात सुटा बर्फ ओतून त्यावर पक्षी ठेवला तर वितळलेल्या पाण्यात तो भिजत पडतो. त्यापेक्षा पाण्याच्या बाटल्या गोठवून न्या, त्यांच्यावर कोरडा टॉवेल किंवा पुठ्ठा, त्यावर पक्षी, आणि पहिला तासभर झाकण थोडं उघडं ठेवा म्हणजे वाफ बाहेर जाते.

पोट फाडून आतडी काढली तर लवकर गार होईल ना, असं खूप जण विचारतात. होईल, पण करू नका. तो चिरा पोटाच्या पिसांमधून जातो, सगळी घाण पिसांना लागते, आणि टॅक्सिडर्मिस्टला चिरा त्याच्या हिशोबाने हवा असतो. मीठही लावू नका. मोठ्या जनावरांच्या कातड्याला मीठ लावतात हे ऐकून काही जण पक्ष्यावरही मीठ चोळतात, अख्ख्या पिसांच्या पक्ष्याला त्याचा उपयोग शून्य. पक्षी जसाच्या तसा, अख्खा, गार. बस.

फोटो काढा, नुसते स्टायलिश नाही

पक्षी गार होतोय तोवर हे काम करून घ्या. पिसांचा रंग वर्षानुवर्षं टिकतो, पण चोच, पाय, डोळ्याभोवतीची उघडी कातडी यांचा रंग काही तासांत उतरायला लागतो. माउंटवर हे सगळं रंगवलेलं असतं आणि डोळा काचेचा असतो, म्हणजे टॅक्सिडर्मिस्टला रंग कुठून तरी बघावा लागणारच, मग तो तुमच्याच पक्ष्याचा का नको. डोळ्याचा जवळून फोटो, बुबुळाचा रंग दिसेल असा, वूड डक या बदकाच्या नराचा डोळा लालभडक असतो, मॅलार्डचा गडद तपकिरी. चोच दोन्ही बाजूंनी आणि वरून. पाय आणि पायाच्या बोटांमधला पडदा. फेझंट (कोंबड्यासारखा लांब शेपटीचा रानपक्षी) असेल तर चेहऱ्यावरची लाल कातडी, ती फार लवकर फिकी पडते. सावलीत, फ्लॅश न लावता, आणि शेजारी एक पांढरा कागद ठेवून काढा म्हणजे रंगाचा अंदाज नीट येतो. एखादा फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून. चिठ्ठीवर जात, नर की मादी, तारीख, ठिकाण लिहा.

पॅकिंग

आता पक्षी पूर्ण गार आहे, पिसं कोरडी आहेत. पिसं हाताने सरळ करून घ्या, जसा पक्षी जिवंतपणी बसेल तसे पंख अंगाशी मिटवा. मान हलकेच वळवून डोकं पंखाखाली किंवा छातीशी ठेवा. हे करण्यामागे कारण आहे, मान लांब सोडून गोठवली तर ती काडीसारखी कडक होते आणि फ्रीजरमध्ये दुसरं काही आपटलं की मोडते, शिवाय डोकं अंगाशी असलं की कमी वाळतं. पाय मागे शेपटीच्या दिशेने ठेवा. पायांभोवती ओला करून पिळलेला पेपर टॉवेल गुंडाळा, पायांवर मांस जवळजवळ नसतं त्यामुळे फ्रीजरमध्ये आधी तेच वाळतात.

यानंतर बायकांचे जुने नायलॉनचे स्टॉकिंग. ते हातावर बांगड्यांसारखं गोळा करून घ्या, आतून चोच आणि डोकं-खांद्याचा भाग धरा, आणि पक्षी डोक्याच्या बाजूने आत सरकवा, म्हणजे स्टॉकिंग पिसांच्या दिशेनेच अंगावरून जातं आणि सगळं आपोआप बसतं. शेपटीकडून घातलं तर सगळी पिसं उलटी. आणि एकदा घातलं की परत ओढून काढायचं नाही, टॅक्सिडर्मिस्ट ते कात्रीने कापतो. काही टॅक्सिडर्मिस्टना स्टॉकिंग आवडत नाही, ते म्हणतात घाईत घातलं की पिसं आत दुमडून राहतात, आणि त्यांचं चूक नाही. ज्याच्याकडे देणार त्याला आधीच फोन करून विचारा. हात बसला नसेल तर सरळ पिशवीत अलगद ठेवलेला पक्षी चुकीच्या पद्धतीने स्टॉकिंगमध्ये कोंबलेल्यापेक्षा बरा.

फेझंटसारखी लांब शेपूट असेल तर ती कुठेही वाकता कामा नये. शेपटीच्या लांबीचे पुठ्ठ्याचे दोन तुकडे, मध्ये शेपूट, वरून सैलसर टेप, पिसांना टेप चिकटणार नाही अशी. वर्तमानपत्रात गुंडाळणं टाळा, ते पिसांमधला ओलावा शोषतं आणि ओलं झालं की शाई सोडतं.

मग जाड पिशवी, हाताने दाबून हवा काढा, बंद करा, तिच्यावर दुसरी पिशवी. चिठ्ठी दोन पिशव्यांच्या मध्ये, आणि परवान्याचा टॅग लागत असेल तर तो पक्ष्यालाच बांधलेला. पिशवीतली हवा ओढून सील करणारं व्हॅक्यूमचं मशीन घरी असलं तरी वापरू नका, ते पिसं दाबून चपटी करतं.

फ्रीजर

उणे १८ अंश किंवा त्याखाली. वरून उघडणारा डीप फ्रीजर बेस्ट, कारण घरातले जे फ्रीज आपोआप बर्फ वितळवतात ते अधूनमधून गरम होतात आणि कोरडी हवा फिरवतात, त्यात चोच, पापण्या आणि पाय लवकर सुकतात. सुकलेली कातडी कागदासारखी होते आणि ती परत मऊ करणं फार अवघड. पूर्ण गोठेपर्यंत पक्ष्यावर काहीही ठेवू नका. सहा महिन्यांच्या आत दिलेला बरा, पॅकिंग नीट असेल तर वर्षभरही निघतं. वितळवून परत गोठवणं टाळा, मित्रांना दाखवायला म्हणूनसुद्धा बाहेर काढू नका. फ्रीजर जवळपास नसेल तर साध्या फ्रीजमध्ये दोनेक दिवस चालतं, त्यापुढे मी तरी भरवसा ठेवणार नाही.

लांबचा प्रवास असेल तर आधी पूर्ण गोठवा आणि मगच निघा. चांगल्या कूलरमध्ये रिकामी जागा टॉवेलने भरली तर गोठलेला पक्षी दिवसभर सहज टिकतो. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरत असाल तर तो उणे ७८ अंशांचा असतो, उघड्या हाताने धरू नका, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघत राहतो म्हणून डबा हवाबंद करायचा नाही आणि गाडीची काच थोडी खाली. विमानात साधारणपणे माणशी अडीच किलोपर्यंत ड्राय आइस चालतो पण एअरलाइनला आधी विचारावं लागतं. देशाची सीमा ओलांडणार असाल तर पक्षी नेण्याआधी दोन्ही देशांचे परवाने बघा, काही जातींना साइट्सचा (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना लागतो आणि बर्ड फ्लूमुळे काही ठिकाणी कच्चा पक्षी आणूच देत नाहीत.

टॅक्सिडर्मिस्टकडे गोठलेलाच न्या. सोबत फोटो, चिठ्ठी, लायसन्सची कॉपी. पोझ तिथेच ठरवा, उडता, उभा की पोहणारा, कारण ज्या बाजूला छर्ऱ्यांचं नुकसान जास्त आहे ती बाजू भिंतीकडे ठेवता येते, आणि कोणती बाजू खराब आहे हे त्याला तुम्हीच सांगू शकता, गोठलेल्या गोळ्यात त्याला ते दिसत नाही.